कॉटन ग्रीन परिसर आणि मद्यमुक्तीच्या सभा : गिरणगावाच्या सामाजिक इतिहासातील एक अनोंदलेले प्रकरण

प्रस्तावना

मुंबईच्या कामगार इतिहासाच्या साधनांत दारूचा उल्लेख जागोजागी येतो. अबकारी खात्याचे अहवाल, पोलिसांचे छापे, न्यायालयीन खटले, समाजसुधारकांची भाषणे, विषारी दारूकांडांच्या चौकशा या सर्वांत पिणारा कामगार भेटतो. पिणे सोडलेला कामगार मात्र या साधनांत जवळजवळ सापडत नाही. माणूस दारू पिऊन पडला, पकडला गेला, कर्जबाजारी झाला किंवा मेला तर त्याची कोठे ना कोठे नोंद होते. तो दारू सोडून सकाळी वेळेवर पाळीला जाऊ लागला तर कोणत्याही दप्तराला त्याची गरज उरत नाही. त्यामुळे गिरणगावाचे जे चित्र अभ्यासकांच्या आणि सामान्य वाचकांच्या मनात रुजले आहे ते एका बाजूला झुकलेले आहे, आणि या झुकण्याचे कारण कामगारांच्या वर्तनापेक्षा साधनांच्या स्वरूपात अधिक आहे.

प्रस्तुत निबंधात कॉटन ग्रीन आणि त्यास लागून असलेल्या काळाचौकी, घोडपदेव, शिवडी, लालबाग व परळ या भागाच्या संदर्भात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. ज्याला दारू सोडायची होती असा या परिसरातील माणूस निरनिराळ्या कालखंडांत कोणाकडे जाऊ शकत होता? आणि १९५७ नंतर जेव्हा त्याच्यासारख्याच माणसांची सभा शहरात भरू लागली, तेव्हा त्या सभेचा पत्ता त्याला कसा लागणार होता? दुसरा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु जी संघटना तत्त्व म्हणून स्वतःची जाहिरात करीत नाही, सभासदांची आडनावे विचारत नाही आणि दारावर मोठी पाटी लावीत नाही, तिच्या बाबतीत पत्ता मिळणे हीच निर्णायक घटना ठरते.

नाव आणि वस्ती

‘कॉटन ग्रीन’ हे नाव या जागेचे मूळचे नाही. कोटातील टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानाला इंग्रज ‘ग्रीन’ म्हणत. तेथे कापसाच्या गासड्या रचल्या जात आणि व्यवहार होत. १८४४ च्या सुमारास हा बाजार कुलाब्यास गेला आणि नावही त्याच्याबरोबर गेले. पुढे माझगाव-शिवडी भागात पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून जमीन तयार केली व १९२० च्या दशकात कापसाची वखार या नव्या जमिनीवर आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली. रे रोड आणि शिवडी यांच्यामधील स्थानकाला कॉटन ग्रीन हे नाव मिळाले आणि ते कायम झाले. कापसाचा व्यापार आक्रसून गेल्यावरही कॉटन एक्स्चेंजची इमारत व ते नाव टिकून आहे.

रुळांच्या पूर्वेला गोदामे, मालधक्के आणि बंदराची रेल्वे. पश्चिमेला काळाचौकीपासून लालबाग-परळपर्यंत गिरण्या आणि चाळी, अशी या भागाची रचना होती. इंडिया युनायटेडच्या दोन व तीन क्रमांकांच्या गिरण्या काळाचौकीत, तर स्वान मिल शिवडीत होती. गासड्या वाहणारे हमाल, गोदीतले कामगार, गिरणीतले कातारी आणि विणकर अशी भिन्न कामांची माणसे एकाच गल्लीत राहत. कोकणातून व घाटावरून आलेल्या पुरुषांची संख्या मोठी होती. एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपत. अशा खोलीत बसून बोलायला जागा नसे. बाहेर रस्त्याचा कोपरा, व्यायामशाळा, चहाचे हॉटेल, भजनी मंडळ आणि दारूचे दुकान एवढीच ठिकाणे उरत.

राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या कामगार वस्तीतील सामाजिक संबंधांचे जे विवेचन केले आहे त्यात दारूच्या दुकानालाही स्थान आहे. नोकरीची बातमी, उधारीची ओळख, जॉबरशी सलगी, दादाचा आश्रय या गोष्टी अशा ठिकाणी जुळत. दारू सोडणाऱ्याला केवळ पेय सोडायचे नसे. ओळखीचे, आधाराचे आणि बातमीचे एक ठिकाणही त्याबरोबर सोडावे लागे. बहुतेक दारूबंदी प्रचारकांनी या बाजूकडे दुर्लक्ष केले असे म्हणावे लागते. त्यांनी दुकान बंद करण्याचा विचार केला, परंतु दुकानाच्या जागी संध्याकाळी सात वाजता कामगाराने कोठे बसावे याचे उत्तर त्यांच्यापाशी क्वचितच होते.

माळ आणि प्रतिज्ञा

गिरणगावात दारू सोडण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे माळ घालणे. वारकरी संप्रदायाची तुळशीची माळ गळ्यात आली की मद्य आणि मांस वर्ज्य होते. या मार्गाचे वैशिष्ट्य असे की त्यात व्रत वैयक्तिक असले तरी त्याची राखण सामूहिक असते. माळकऱ्याला त्याचा फड, त्याची दिंडी आणि त्याचे भजनी मंडळ असते. सायंकाळी टाळ घेऊन बसायला जागा असते. चाळीत कोणी त्याला प्यायला बोलावीत नाही, कारण माळ सर्वांना दिसते. गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून दारू आणि कर्ज यांच्यावर जो प्रहार केला तो याच श्रोतृवर्गाला उद्देशून होता.

दुसरा मार्ग प्रतिज्ञेचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ परळच्या पोयबावडी भागातील बी. आय. टी. चाळीत राहत होते. गिरणी कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध पंचशीलातील पाचवे शीलही मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. येथे दारू सोडणे हा आत्मसन्मानाच्या व्यापक चळवळीचा भाग झाला. अनेक घरांत त्याचे परिणाम पुढच्या पिढीच्या शिक्षणात दिसले.

या दोन्ही मार्गांचे मोल मोठे आहे. परंतु दोन्हींत एक अडचण आहे. ज्याची माळ तुटली, ज्याची प्रतिज्ञा मोडली, त्याचे काय करायचे? व्रतभंग झालेल्या माणसाला मंडळात परत येताना लाज वाटते आणि मंडळालाही त्याला घेताना संकोच वाटतो. व्यसन जडलेल्या माणसाच्या बाबतीत पुन्हा पिणे हा अपवाद नसून नेहमीचा अनुभव आहे. शपथ घेणाऱ्याला ती मोडल्यावर आपण पापी किंवा खोटे ठरलो असे वाटते आणि त्या शरमेतून तो पुन्हा पितो. राम गणेश गडकरी यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकराची शोकांतिका याच चक्राची आहे. त्या नाटकात ‘आर्यमदिरामंडळ’ नावाची पिणाऱ्यांची एक विडंबनात्मक संस्था आहे. मराठी माणसाला मंडळ काढण्याची हौस असते हे खरे, पण दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी मंडळ काढावे ही कल्पना त्या काळी कोणाला सुचलेली दिसत नाही.

कायद्याने दिलेली खोली

ब्रिटिश काळातील १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू हा सरकारी उत्पन्नाचा पक्का स्रोत बनविला. राष्ट्रीय चळवळीने म्हणूनच दारूच्या दुकानांवर निरोधने केली. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांनी महसुलाची तूट भरून काढण्यासाठी शहरी मालमत्तेवर दहा टक्के कर बसविला आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळ गेले आणि प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी वगळता हा कायदा वैध ठरविला.

या कायद्याचा कॉटन ग्रीनसारख्या भागावर काय परिणाम झाला हे सर्वश्रुत आहे. उघड दुकाने गेली व हातभट्ट्या आल्या. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेली दारू रबरी ट्यूबांतून शहरात येऊ लागली. दारूचा अड्डा चाळीच्या मागच्या खोलीत आला. ‘बेवडा’ या शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मुळात बेवडा म्हणजे दोनदा गाळलेली कडक दारू. पुढे ती पिणाऱ्यालाच हे नाव पडले.

श्रीमंतांसाठी परवान्याची सोय होती. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे, प्रकृतीच्या कारणासाठी मद्य आवश्यक आहे असे दाखवून परवाना मिळे. १९६० च्या दशकापासून बंधने शिथिल होत गेली आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनंतर परवानाधारक देशी दारूची दुकाने रीतसर चालू लागली. दारूबंदीचा कायदा मात्र रद्द झाला नाही. नाव बदलून तो आजही महाराष्ट्रात अस्तित्वात आहे आणि मद्य पिण्यास परवाना लागतो ही तरतूदही कायम आहे. मुंबईतील बारच्या पाटीवरचे ‘परमिट रूम’ हे शब्द त्या इतिहासाचा अवशेष आहेत. तेथे बसलेल्यांपैकी किती जणांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

तात्पर्य, पिणाऱ्यासाठी कायद्याने एक खोली निर्माण केली. तिला पाटी होती, पत्ता होता, वेळ होती. सोडणाऱ्यासाठी कायद्यात तुरुंग होता, दंड होता, प्रचारपत्रके होती, खोली नव्हती.

एक नवी कल्पना आणि तिचे आगमन

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सावरावे ही कल्पना अमेरिकेतही एकाएकी जन्मली नाही. १८४० साली बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली होती. ती झपाट्याने पसरली आणि राजकीय वाद व प्रसिद्धीच्या हव्यासात काही वर्षांतच विस्कटली. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, यापुढे ‘एए’, या संघटनेचा आरंभ जून १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन येथे झाला असे मानले जाते. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन आणि अॅक्रनचे शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट हे त्याचे निमित्त. दोघेही मद्यपी होते. विल्सनला प्रवासात पिण्याची तीव्र इच्छा झाली तेव्हा त्याने उपदेशक शोधला नाही, दुसरा मद्यपी शोधला. त्याच्याशी बोलताना आपण प्यायलो नाही एवढे त्याच्या लक्षात आले. संपूर्ण पद्धतीचा गाभा एवढाच आहे : मदत घेणाऱ्याइतकीच मदत देणाऱ्यालाही या संभाषणाची गरज असते. १९३९ साली त्यांचा मूलग्रंथ निघाला व त्यात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. १९५० साली क्लीव्हलँड येथील संमेलनात बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पायऱ्यांपेक्षा परंपरा महत्त्वाच्या आहेत. सभासदत्वाची अट एकच, पिणे थांबविण्याची इच्छा. वर्गणी सक्तीची नाही, पण बाहेरून देणगी घ्यायची नाही. कोणत्याही वादात मत द्यायचे नाही. वृत्तपत्रांत वा प्रसारमाध्यमांत सभासद म्हणून नाव द्यायचे नाही. प्रचाराऐवजी आकर्षणावर भर द्यायचा. हे नियम पूर्वीच्या संस्थांच्या अपयशातून आले होते. मठाधिपती होण्याची, देणगीदाराच्या तंत्राने चालण्याची आणि पुढाऱ्याच्या मागे जाण्याची वाट त्यांनी आधीच बंद केली. गावोगावच्या आपल्या मंडळांच्या फुटीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नियमांतील व्यवहारज्ञान सहज पटेल.

भारतात एएची सुरुवात १९५७ साली झाली आणि तिच्या आरंभीच्या वाटचालीत मुंबईचे स्थान महत्त्वाचे होते. म्हणजे ज्या शहरात संपूर्ण दारूबंदी होती, जेथे कायद्याच्या दृष्टीने पिणारा एकतर परवानाधारक होता नाहीतर गुन्हेगार, त्याच शहरात ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणणाऱ्यांची सभा भरू लागली. आरंभीचे वातावरण इंग्रजी बोलणाऱ्या मध्यमवर्गाचे होते. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे १९५६ मध्ये मान्य केले होते. तो विचारही याच सुमारास येथील सुशिक्षितांपर्यंत पोहोचत होता. कॉटन ग्रीनच्या हमालापर्यंत यातले काहीही लगेच येणे शक्य नव्हते. भाषा, वर्ग आणि वाहतूक या तिन्ही भिंती मध्ये होत्या. कालांतराने मराठी व हिंदी बोलणारे गट निघाले, साहित्याचे मराठी अनुवाद झाले, आणि सभा महापालिकेच्या शाळांचे वर्ग, चर्चची सभागृहे अशा साध्या जागांत भरू लागल्या.

सभेचा पत्ता

शाळेचा वर्ग हे सभेचे ठिकाण होणे ही गोष्ट गिरणगावाच्या दृष्टीने साधी नाही. या भागात घराबाहेर पण छपराखाली, फुकट वा नाममात्र भाड्यात, दहा-वीस माणसांना तास-दीड तास बसता येईल अशी जागा दुर्मीळ होती. गावकऱ्यांच्या गाळ्यांत गावकीच्या बैठका होत, पण तेथे सर्व ओळखीचे. गावच्या माणसांपुढे आपले व्यसन उघड करणे म्हणजे ती बातमी पुढच्या एस. टी. ने गावी पोहोचविणे. संध्याकाळनंतर रिकामा असणारा शाळेचा वर्ग मात्र कोणाचाच नसतो. लहान मुलांच्या बाकांवर प्रौढ माणसे गुडघे आखडून बसतात, फळ्यावर सकाळचा पाढा तसाच असतो, आणि सभा सुरू होते.

सभेची रीत थोडक्यात अशी. आरंभी प्रार्थना होते. अध्यक्ष म्हणून त्या दिवसापुरता कोणीतरी बसतो. तो अधिकारी नसतो. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून आपण मद्यपी असल्याचे सांगतो व स्वतःपुरते बोलतो. मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही. खर्चासाठी पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने घालावे. दारू सुटून वर्ष झाले की त्याचा ‘वाढदिवस’ होतो. ‘आजचा दिवस प्यायचे नाही’ एवढाच संकल्प असतो, जन्मभराची शपथ नसते. वर चर्चिलेल्या व्रतभंगाच्या अडचणीवर हे उत्तर आहे. जो काल प्यायला तो आज पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो आणि त्याला कोणी बाहेर काढीत नाही. काही सभा खुल्या असतात, तेथे नातेवाईक किंवा विद्यार्थीही बसू शकतात. बंद सभा केवळ ज्यांना दारूची अडचण आहे त्यांच्यासाठी.

आता पत्त्याचा प्रश्न. भिंतीवर लहान पत्रक, वृत्तपत्रातील छोटी सूचना, दवाखान्यातील डॉक्टर किंवा समाजसेविकेने चिठ्ठीवर लिहून दिलेला दूरध्वनी क्रमांक, चर्चमधील फादर, कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारू सोडलेला ओळखीचा माणूस, हे या प्रकारच्या सभेकडे येण्याचे नेहमीचे मार्ग आहेत. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून या भागाच्या आवाक्यात आहे ही या दृष्टीने मोठी सोय. ती आवश्यकही आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट्स येणे, भ्रम होणे, प्रसंगी जीव जाणे असे धोके असतात. पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीचे आहेत, सभेचे काम त्यानंतरचे व त्याबरोबरचे आहे. सभेला दवाखान्याचा पर्याय समजणे घातक ठरते.

परंतु पत्ता मिळणे आणि तेथे जाणे यांत अंतर असते. चाळीत गुपित राहत नाही. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सामाईक संडास असलेल्या इमारतीत निनावीपणाची कल्पनाच मुळी परकी वाटते. एएच्या पद्धतीत दोन जुने सभासद नवख्याला भेटायला जातात. चाळीत दोन अनोळखी माणसे कोणाच्या दारी आली की ती कोण, कशासाठी आली, याची विचारणा चारही बाजूंनी होते. वसुलीवाले समजून बायको दार लावून घेईल अशीही शक्यता असते. मग भेट स्थानकावर, चहाच्या हॉटेलात ठरवावी लागते.

येथे एक विरोधाभास विचारात घेण्यासारखा आहे. आपण पितो हे चाळीत सर्वांना माहीत असते, कारण ते लपविता येत नाही. तरीही सोडण्यासाठी जातो हे कळू नये असे माणसाला वाटते. पिणे ही पुरुषाची चूक मानली जाते, ती समजून घेतली जाते. मदत मागणे हा कमकुवतपणा ठरतो. म्हणून आपल्या गल्लीतली सभा टाळून दोन-चार स्थानके पलीकडच्या सभेला जाणे हा सोयीचा उपाय असतो. कॉटन ग्रीनला हार्बर मार्ग आहे, चालण्याच्या अंतरावर मध्य रेल्वेचे परळ-करी रोड आहेत. शहराच्या आगगाडीने कामगाराला कामावर नेले तसेच तिने त्याला अनोळखी होण्याची सोयही दिली. नव्या माणसाने नव्वद दिवसांत नव्वद सभांना जावे असा एक प्रचलित सल्ला आहे. मुंबईत निरनिराळ्या भागांत आठवड्याचे निरनिराळे वार धरून गट चालत असल्यामुळे आणि पास खिशात असल्यामुळे तो पाळणे शक्य होते. लहान गावात ते शक्य नसते.

स्त्रियांच्या बाबतीत हा मार्ग आणखी अरुंद आहे. पिणाऱ्या स्त्रीला चाळीत पुरुषाला मिळते तेवढीही सवलत मिळत नाही, आणि पुरुषांनी भरलेल्या वर्गात संध्याकाळी जाऊन बसणे तिला अवघड जाते. पिणाऱ्याच्या घरच्या माणसांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत ‘अल-अॅनॉन’ ही वेगळी संघटना निघाली. खानावळ चालवून, पापड लाटून घर ओढणाऱ्या गिरणगावातील बायकांना नवऱ्याच्या दारूचा पूर्ण हिशेब ठाऊक होता. तो बोलून दाखविण्याची जागा मात्र नळावरच्या गप्पांपलीकडे नव्हती.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्यांचे भोंगे थांबले तशी पाळीची शिस्तही गेली. पूर्वी दारू पिणाऱ्याला निदान सकाळच्या भोंग्याचा धाक असे, आता दिवस मोकळा होता. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, या उद्ध्वस्ततेचे अनेक आवाज आहेत. बेकारी आणि दारू यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो. काही कामगार गावी परतले, काहींनी भाजीची गाडी लावली, काही पिऊ लागले, काहींनी याच काळात सोडली. या शेवटच्या गटाची गणना कोणी केलेली नाही.

याच दशकात महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या संस्था उभ्या राहिल्या. १९८१ मध्ये वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. अवचटांच्या लेखनाने मराठी वाचकाला प्रथमच व्यसनी माणूस हा रुग्ण आणि माणूस म्हणून दाखविला. त्यामुळे मराठी घरांत या विषयावर बोलणे थोडे सोपे झाले. निवासी उपचारानंतर रुग्ण घरी परततो तेव्हा त्याला पुन्हा त्याच गल्लीत राहायचे असते, आणि तेथे सभेची गरज नव्याने निर्माण होते. संस्था आणि सभा या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत हे या काळात स्पष्ट झाले.

विषारी दारूचे प्रसंग मात्र थांबले नाहीत. १९९१ च्या अखेरीस विक्रोळीत नव्वदहून अधिक आणि जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूने मरण पावली. प्रत्येक वेळी छापे, निलंबने, चौकशी या क्रमाने कारवाई झाली. १९५० पासून शासनयंत्रणेची दृष्टी पुरवठ्यावरच राहिली आहे असे यावरून दिसते.

सभांचा उपयोग होतो का, हा प्रश्न संशोधनात दीर्घकाळ वादग्रस्त होता. २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात निर्णायक पुरावा नसल्याचे म्हटले होते. २०२० साली केली, हम्फ्रीज आणि फेरी यांनी २७ अभ्यासांचा व दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेला नवा आढावा प्रसिद्ध केला. एएकडे वळविणारे सुनियोजित उपचार हे सातत्याने मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांइतके वा त्यांहून सरस ठरतात असा त्याचा निष्कर्ष आहे. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. पायऱ्यांतील ईश्वरविषयक भाषा अनेकांना, विशेषतः बौद्ध आणि निरीश्वरवादी सभासदांना, अडचणीची वाटू शकते. ‘आपल्याहून मोठी शक्ती’ या शब्दांची मुभा तेथे आहे आणि कोणी विठ्ठल म्हणतो, कोणी सभेलाच ती शक्ती मानतो. तरीही हा प्रश्न केवळ शब्दांचा आहे असे म्हणून तो सोडून देता येत नाही.

साधनांचा प्रश्न

२०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले आणि सभा दूरध्वनीच्या पडद्यावर आल्या. आता कॉटन ग्रीनचा माणूस सिंगापूरच्या मराठी सभासदाबरोबरही बसू शकतो. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत, घरच्यांच्या देखत, कानात यंत्र घालून ‘मी मद्यपी आहे’ हे म्हणणे सोपे नाही. त्यासाठी शाळेचा वर्ग अधिक एकांताचा होता. दरम्यान परिसर बदलत आहे. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून निघणाऱ्या समुद्रावरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा आहे. जुन्या शाळांच्या इमारती या बदलात राहतील की नाही यावर सभांच्या जागाही अवलंबून राहतील.

गिरणगावाच्या इतिहासाची साधने जमविणाऱ्यांना या विषयात घाई करणे भाग आहे. सभांच्या छापील याद्या हे एक साधन आहे. गट, वार, वेळ आणि जागा एवढीच माहिती त्यांत असते, व्यक्तीचे नाव नसते. एका परिसरात सभा कधी सुरू झाली, कोणत्या भाषेत, कोणत्या शाळेत, आणि कधी बंद पडली हे अशा याद्यांच्या जुन्या प्रतींवरून मांडता येईल. पण नवी यादी निघाली की जुनी फेकून द्यायची असते. चुकीचा पत्ता हाती पडून एखादा नवखा बंद दारावरून परत जाऊ नये हा त्यामागचा हेतू आहे व तो योग्यच आहे. महापालिका शाळांच्या वर्गांच्या सायंकालीन वापराचे अर्ज व परवानग्या हे दुसरे साधन. तिसरे म्हणजे मौखिक निवेदने. ती घ्यायची तर आडनाव, चाळ आणि गिरणी यांचा एकत्र उल्लेख टाळावा लागेल, कारण काळाचौकीत या तीन गोष्टींवरून माणूस लगेच ओळखला जातो. निवेदन नोंदविण्यापूर्वी घरच्यांचीही संमती घ्यावी लागेल. वडिलांनी दारू सोडली हे मुलांना माहीत असते, पण ते कोणत्या सभेला जात हे अनेकदा फक्त आईला माहीत असते.